बाटलीवरचं नाव

मोशीच्या दत्तोबांच्या घरात नात जन्मली, पालथी पडली, बसू लागली, खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढे दोन दात डोकावायला लागले, तरी पोरीला नाव नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी करायचं असतं हे दत्तोबांना कुणी सांगायला नको होतं. पण त्यांना बारसं निवडणुकीच्या तोंडावर हवं होतं आणि महापालिकेची निवडणूक काही केल्या लागत नव्हती. निवडणूक पुढं गेली की बारसं पुढं. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी, आणि घरात प्रत्येकाची हाक वेगळी. आजी सावित्रीबाई 'ठमे' म्हणायच्या, आजोबा 'ए पोरी', बाप 'बॉस'.

आई मात्र तिला पोटात असल्यापासून अरुंधती म्हणत होती. स्वरूपाच्या लग्नात भटजींनी अरुंधतीचा तारा दाखवायला नवरानवरीला कार्यालयाबाहेर आणलं होतं. चाकणच्या आभाळात कारखान्यांचा एवढा उजेड, तारा कुठला दिसणार! सुजितनं लांबच्या एका क्रेनच्या टोकावरचा लाल दिवा दाखवला आणि कानाशी म्हणाला, "ती बघ आपली अरुंधती. तिन्ही शिफ्टला ड्यूटीवर." स्वरूपाला हसू आवरेना. मुलगी झाली तर अरुंधती, हे तिथंच ठरलं. नाव दोघांचं होतं. म्हणूनच पुढं जे झालं ते तिला एवढं लागलं.

स्वरूपा चाकणच्या एका मोठ्या हॉटेलात समारंभांच्या हॉलची मॅनेजर होती. हॉटेल चालायचं ते कंपन्यांच्या पाहुण्यांवर, कोरियातून आणि जर्मनीतून येणाऱ्या इंजिनिअरांवर. त्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं कळवलं, की जिथं एकदा वापरून टाकायचं प्लास्टिक दिसेल तिथं आमची माणसं उतरणार नाहीत. साहेब लोकांची पळापळ झाली. खोल्यांतल्या शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्या गेल्या, भिंतीवर पंप आले. स्ट्रॉ गेले, थर्माकोलच्या अक्षरांना आणि फ्लेक्सला बंदी झाली. पाण्याच्या बाटल्यांच्या जागी काचेच्या बाटल्या आल्या, रोज धुवायच्या, रोज भरायच्या, वर कागदाची टोपी. आणि हे सगळं सांभाळायचं काम, बाळंतपणाची रजा संपवून नुकत्याच परतलेल्या स्वरूपाच्या गळ्यात पडलं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच ताटात कारलं वाढतात.

पण तिनं ते कारलं आवडीनं खाल्लं. कामावर तिला मागून 'बाटलीबाई' म्हणायला लागले, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कारण एक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. एका लग्नात पाण्याच्या बाटल्यांवर नवरानवरीचे फोटो छापले होते. पंगती उठल्यावर हॉल आवरताना तिनं खुर्चीखालून एक बाटली उचलली. दोन घोट पिऊन टाकलेली. नवरीच्या गालावर बुटाचा ठसा. असल्या बाटल्यांची पोती भरून मागच्या नाल्याकाठी गेली आणि पुढं कितीतरी दिवस नाल्याच्या गवतात ती नवरी हसत पडली होती.

मागच्याच महिन्यात रहाटणीच्या एका पार्टीनं अशाच फोटोच्या बाटल्या आणल्या, तर स्वरूपानं त्या दारातूनच परत पाठवल्या. नवऱ्या मुलाची आई चारचौघांत म्हणाली, "तुझ्या लेकराच्या कार्यात असंच कुणीतरी आडवं येईल गं बाई." स्वरूपानं तेही ऐकून घेतलं.

अखेर निवडणुकीचा सुगावा लागला आणि दत्तोबांनी बारशाची तारीख धरली. जागा? सुनेचं हॉटेल. कामावरच्या माणसांना हॉल सवलतीत मिळायचा. स्वरूपानं जेवणाच्या ताटावरच नियम सांगितला होता. "तात्या, तिथं प्लास्टिकच्या बाटल्या चालत नाहीत हं." दत्तोबा भाकरी मोडत म्हणाले, "बघू." गावात सगळे त्यांना तात्या म्हणत, आणि तात्यांचा 'बघू' म्हणजे 'तू कोण मला सांगणारी' असतो हे अख्ख्या मोशीला ठाऊक होतं. स्वरूपाला सासरी येऊन तीनच वर्षं झाली होती.

बारशाच्या दिवशी ती हॉटेलातल्या एका खोलीत लेकीला पाजत होती. पैठणी नेसून झाली होती, केसांत गजरा माळायचा राहिला होता. लेक दूध पिता पिता एका हातानं पदराच्या मोराची चोच उपटायचा प्रयत्न करत होती. स्वरूपा तिच्या टाळूला नाक लावून म्हणाली, "आज तुला नाव मिळणार गं माझ्या सोन्या. मग कुणी ठमी म्हणायचं नाही." तेवढ्यात फोन वाजला. मागच्या गेटवरचा वॉचमन चिमाजी होता.

"म्याडम, टेम्पो आलाय. पाण्याचे बॉक्स हैत."

"परत पाठवा की. नियम माहीत आहे ना?"

"नियम म्हाईत हाय. पण टेम्पो तुमच्याच घरचा हाय."

ती लेकीला खांद्यावर टाकून मागच्या जिन्यानं खाली उतरली. टेम्पोत खोकी छतापर्यंत रचलेली. चिमाजीनं एक फोडलेलं खोकं पुढं केलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

मुठीत मावेल एवढी बाटली. तिच्यावर स्वरूपाची लेक झोपलेली होती, ओठांचा चंबू करून, गालाखाली मूठ घेऊन. हा फोटो स्वरूपानंच काढला होता, दुपारच्या उन्हाची तिरीप अंगावर आली होती तेव्हा. घरच्यांच्या ग्रुपवर टाकला होता, बस्स. त्या झोपलेल्या चेहऱ्याशेजारी दत्तोबा हात जोडून उभे होते, फेटा बांधून. आणि खाली ठळक अक्षरांत: 'चि. प्रगती हिच्या नामकरणानिमित्त आपले हार्दिक स्वागत. मोशी प्रगती आघाडी.'

स्वरूपानं ते पुन्हा वाचलं. प्रगती. सासऱ्यांच्या पॅनलचं नाव.

सुजित धावत आला तेव्हा ती तशीच उभी होती. कारखान्यात पन्नास माणसांवर आवाज चढवणारा सुजित बापापुढं मात्र कायम हाफ चड्डीत असायचा.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"अगं, परवाच कळलं. तोपर्यंत छापून झालं होतं."

"परवा. आणि काल रात्री तू माझ्याबरोबर हिला अरू अरू करून नाचवत होतास."

"घरात आपण अरूच म्हणू की. बाहेर प्रगती. दोन नावं असतात की लोकांना."

"माझ्या पोरीला दोन नावं कशाला? तिला काय दोन पक्षांतनं उभं राहायचंय?"

सुजितनं आवाज खाली आणला. "हे बघ, आज तमाशा नको. बाटल्या आत जाऊ दे. सगळा वॉर्ड आलाय."

"बाटल्या आत जाणार नाहीत."

"प्लास्टिकचं निमित्त करू नको स्वरूपा. खरं सांग. ह्यांच्यावर अरुंधती छापलेलं असतं, तर अडवल्या असत्यास?"

तो प्रश्न बरोबर वर्मी लागला. तिनं बाटलीवरच्या झोपलेल्या तोंडाकडं पाहिलं. नाल्याच्या गवतातली ती नवरी तिला आठवली. "अडवल्या असत्या," ती म्हणाली. "रडत अडवल्या असत्या. आज रडणार नाही, एवढाच फरक."

तोवर दत्तोबा आलेच. मागं आघाडीची चार पोरं, अंगावर कडक इस्त्री. त्यांनी सुनेकडं पाहिलंही नाही. चिमाजीला म्हणाले, "गेट उघड रं."

"उघडू नका, चिमाजी."

"ह्ये हाटेल तुज्या बापाचं हाय व्हय?" आता त्यांनी पाहिलं.

"नाही तात्या. म्हणूनच उघडता येत नाही."

"येक कळत न्हाई मला," दत्तोबा पोरांकडं वळून म्हणाले, म्हणजे तिला ऐकू यावं म्हणून. "लातूरकडची पोरगी केली. टँकरच्या पान्याव वाढलेली. आन ती इंद्रायनीकाठच्या मानसाला पानी कसं पाजायचं ते शिकवती!"

पोरं हसली. स्वरूपानं लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"टँकरच्या पाण्यावर वाढले म्हणूनच सांगते. दोन घोट पिऊन अर्धी बाटली फेकलेली मला बघवत नाही. आणि तुमच्या इंद्रायणीवर पांढरा फेस येतो तात्या, ती कुणाला काय पाजणार?"

"सुजित!" दत्तोबा कडाडले. "बायकूला आवर. न्हाईतर मी आवरतो."

या आवाजानं पोर दचकली आणि भोकाड पसरलं. स्वरूपा तिला थोपटत राहिली. पाय गेटापासून हलले नाहीत.

तेवढ्यात हॉटेलचा जनरल मॅनेजर सलिल टाय सावरत आला. त्यानं आधी दत्तोबांना नमस्कार केला, मग स्वरूपाला बाजूला घेतलं. "मॅडम, एक दिवस अपवाद करू या. घरचंच कार्य आहे. आपण लेबलं काढून..."

"लिहून द्या सर."

"काय?"

"मॅनेजर म्हणून तुम्ही परवानगी दिली, एवढं लिहून द्या. रहाटणीच्या बाई आत हॉलमध्ये आहेत, तात्यांनीच बोलावलंय त्यांना. माझं लेकरू त्यांच्यासमोर त्या पाळण्यात बसणार आहे. त्यांच्या बाटल्या मी परत पाठवल्या आणि माझ्या सासऱ्यांच्या आत घेतल्या, हे मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगा."

लिहून द्यायचं म्हटल्यावर सलिलच्या तोंडचं पाणी पळालं. तो दत्तोबांकडं वळून म्हणाला, "साहेब, नियम जरा वरून आलेत."

दत्तोबांनी हॉल रिकामा करायची धमकी दिली. पण पुढच्या दारात गाड्या लागल्या होत्या, मोठी मोठी माणसं उतरत होती, आणि उतरलेल्या माणसांना परत गाडीत बसवणं म्हणजे पुढाऱ्याचं मरणच. त्यांनी फेटा सरळ केला. "ऱ्हाऊ द्या. टेम्पो पुढच्या रस्त्याव लावा. जेवून भाईर पडनाऱ्या हरेकाच्या हातात दोन-दोन बाटल्या. रस्ता तर हिच्या बापाचा न्हाई?" आणि जाता जाता सुनेच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "विजूला सांगून ठिवलंय. कानात प्रगतीच पडनार. मग बस बोंबलत."

विजू म्हणजे विजयश्री, दत्तोबांची थोरली लेक, चाकणला दिलेली. बारशात नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात सांगेल तेच नाव. आईनं सात महिने काय म्हटलं याला कुणी विचारत नाही. आणि या नणंदेचं आणि स्वरूपाचं वर्षभर धड बोलणं नव्हतं. भावजय नोकरीला जाते, सासूला लेकरू सांभाळायला लावणार, हे विजयश्रीनं डोहाळजेवणातच सगळ्या बायकांसमोर वाढलं होतं, भातावर वरण वाढावं तसं.

तरी स्वरूपा तिच्यापुढं गेली. जावंच लागलं. विजयश्री पाळण्याला झेंडूची माळ बांधत होती.

"ताई, नाव अरुंधती आहे. आम्ही दोघांनी ठेवलेलं."

"मला कशाला सांगतीस?" विजयश्रीनं गाठ करकचून ओढली. "आत्याचं काम कानात सांगायचं. कोर्ट चालवायचं न्हाई."

"तुमच्या भावालाही हेच नाव हवं होतं."

"मग त्याला बोलू दे की. तोंड शिवलंय का त्याचं?" तिनं माळेचं राहिलेलं टोक दातानं तोडलं. "गेटावर लई बोललीस म्हणं. मला बाहेरच्या बाईकडनं कळलं. घरचं भांडण उंबऱ्याबाहेर नेणारी तू, आता माझ्याकडं कशाला आलीस?"

स्वरूपाचा गजरा माळायचा राहूनच गेला होता. तो तिनं पाळण्याच्या दांडीला गुंडाळला, उगीच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

हॉल भरला. टेबलांवर काचेच्या बाटल्या उभ्या होत्या. दत्तोबांच्या वयाची माणसं कागदाच्या टोप्या उचलून हुंगत होती. "सील न्हाई ह्याला. मोकळं पानी प्यायचं व्हय?" एकानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं. रहाटणीच्या बाई स्वरूपाकडं बघत होत्या, टक लावून, आणि बाटल्या मोजून झाल्यासारख्या मान हलवत होत्या. ती मान कौतुकाची होती की कीव केल्याची, ते कळायला मार्ग नव्हता.

पाळण्याभोवती बायका जमल्या. आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून फिरवला, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग पोरीला आत ठेवली. पण सात महिन्यांची पोर पाळण्यात निजते थोडीच! ती उठून बसली, दांडीवरच्या गजऱ्याचं फूल तोडलं आणि तोंडात घातलं. बायका हसल्या. फोटोवाल्यानं माईक पुढं धरला. दत्तोबा समोरच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते, विजूकडं पाहत, हुकूम दिलेल्या माणसाच्या निवांतपणानं.

विजयश्री वाकली. बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. "कुर्रर्र..." आणि मग ती थांबली. एवढी थांबली, की धपाटे घालणारे हात आपोआप सैल पडले. स्वरूपाला पाळण्याच्या कडीची करकर ऐकू येत होती.

"कुर्रर्र, अरुंधती."

माईकमधून ते सगळ्या हॉलभर गेलं.

टाळ्या वाजल्या. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनी वाजवल्या. दत्तोबा उठून पाळण्यापाशी आले. तोंडावर हसू होतं, लोक बघत होते. आवाज मात्र दातांतून आला. "विजे, काय केलंस ह्ये?"

विजयश्रीनं माईकवर हात ठेवला. "माझं नाव कधी ठेवलंत, तात्या?"

दत्तोबांनी लोकांकडं पाहून हसू तसंच ठेवलं.

विजयश्री जन्मली तेव्हा मोशी खेडं होतं. दत्तोबा ग्रामपंचायतीला उभे होते, आणि मतमोजणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बारसं करून गावभर पेढे वाटले होते: लेक झाली, विजयश्री आली. दुसऱ्या दिवशी ते पडले. लेकीचं नाव मात्र राहिलं.

"शाळेत मला काय म्हणायचे, तुम्हाला ठावं हाय?" विजयश्री म्हणाली. "'पडकी विजयश्री.' मास्तरसुद्धा हजेरी घेताना हसायचा. लग्नात नवऱ्याकडच्यांनी इचारलं, कुठला इजय वो हा? तुम्ही परत पडलात तर हिला आयुष्यभर काय म्हणतील, त्ये माझ्याशिवाय हितं कुणालाच म्हाईत न्हाई."

"म्या पडनार न्हाई."

"तवाबी हेच म्हणाला होता."

दत्तोबा तिथून निघाले ते थेट बाहेर गेले. स्वरूपाचे डोळे भरले. ती नणंदेला काही म्हणायला पुढं झाली, तर विजयश्रीनं हात झटकला.

"पाया-बिया पडू नको. तुझ्यासाठी केलं न्हाई म्या. तू हाईस तशीच हाईस."

टेम्पो रस्त्यावर वाट बघत उभा होता. पण हॉलमध्ये अरुंधती ऐकून आलेल्या माणसाच्या हातात प्रगती कशी द्यायची? पोरांनी फोन केले, दत्तोबांनी उचलले नाहीत. खोकी जशी आली तशी मोशीला परत गेली.

घरी दुसरी लढाई सुरू झाली. दत्तोबांनी खोकी ओसरीवर रचायला लावली, सुनेच्या खोलीच्या दाराला लागून. आणि रोज सकाळी ते ओट्यावर बसून त्यातलीच एक बाटली फोडायचे, दोन घोट घ्यायचे, उरलेलं पाणी अंगणात ओतायचे आणि बाटली भिरकावायचे. स्वरूपा कामावर निघायच्या वेळीच. ती प्रत्येक बाटली वाकून उचलायची. नाही उचलावी तर लेकीचं तोंड धुळीत पडलेलं दिसायचं. सावित्रीबाई दारातून म्हणायच्या, "आवो, बास करा की." दत्तोबा म्हणायचे, "माज्या नातीच्या नावाचं पानी पितो. कुनाच्या पोटात का दुखावं?" सुजित दोघांच्या मधून बूट घालून निघून जायचा. त्याच्याशी ती कामापुरतं बोलत होती. दूध संपलंय, लस द्यायचीय.

पोर आता रांगू लागली होती. एका सकाळी बाटली घरंगळत गेली तशी तीही मागं गेली. अंगणाच्या मधोमध बाटली धरली आणि फतकल मारून बसली.

"प्रगती!" ओट्यावरून हाक आली. "आन ती हिकडं, आन."

"अरू!" दारातून स्वरूपानं हाक मारली. "टाक ते, राणी. माझ्याकडं ये."

पोरीनं याच्याकडं पाहिलं नाही, तिच्याकडं पाहिलं नाही. बाटलीवर एक बाळ झोपलं होतं. त्याच्याकडं बघून ती खुदकन हसली आणि ते बाळ तिनं चाटायला घेतलं. स्वस्तातली छपाई, ओली झाल्यावर रंग सुटला. लाळ निळी झाली, ओठ निळे, हनुवटीवरून निळा ओघळ.

दोघंही एकदमच धावली. दत्तोबा जवळ होते, ते आधी पोचले. त्यांनी बाटली हिसकली, बोट घालून पोरीची जीभ पुसली, खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. रंग जाईना. "ध्यान कुठं असतं गं तुजं?" ते सुनेवर ओरडले. "आई हाईस का कोन हाईस? पानी आन! चांगलं पानी आन, तांब्यातलं!"

स्वरूपानं तांब्या आणला. एकानं धरलं, एकीनं धुतलं. पोर दोघांच्या नावानं ठणाणा रडली. तोंड स्वच्छ झालं तसं स्वरूपानं तिला त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि आत गेली. दत्तोबांच्या उपरण्यावर निळा डाग तसाच होता.

दुसऱ्या दिवशी ओसरी मोकळी होती. खोकी मागच्या गोठ्यात, पत्र्याखाली गेली होती. कुणी नेली ते घरात कुणी विचारलं नाही. ओट्यावर दत्तोबांच्या शेजारी पितळेचा तांब्या होता. स्वरूपा पर्स खांद्याला लावून, लेकीला सासूच्या हातात देऊन बाहेर पडली. सासऱ्यांनी तोंड फिरवलं, तिनंही. गेट लावताना तिनं कान मात्र मागंच ठेवला होता.

पोर ओट्याकडं सरकत असावी. बांगड्यांचा आवाज येत होता. दत्तोबा खाकरले. प्रगतीही म्हणाले नाहीत, अरुंधतीही म्हणाले नाहीत.

"ए पोरी," ते म्हणाले, "ये हिकडं."

स्वरूपानं स्कूटरला किल्ली लावली.